पेशी मोजून झाल्या, आता दाराकडे बघू

जुलै सरत आला की आमच्या रक्तपेढीच्या खिडकीशी दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं. "मॅडम, पेशी कमी झाल्यात." कुणाच्या हातात रिपोर्टचा कागद असतो, कुणी मोबाइलवरचा फोटो काचेला लावून दाखवतं. ३२ हजार, २६ हजार, १८ हजार. मुंबईच्या पावसाळ्यात 'पेशी' म्हणजे प्लेटलेट्स, हे आता घरोघरी ठाऊक झालं आहे. खरं तर प्लेटलेट ही अख्खी पेशी नव्हेच. अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीचे ते सुटे तुकडे. पण शब्द रुळला आहे, त्यामागची भीती खरी आहे, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या बापाचा शब्द सुधारण्याची ती वेळ नसते.

आतल्या थंड खोलीत प्लेटलेट्सच्या पिशव्या एका यंत्रावर रात्रंदिवस हलत असतात. रक्तासारखं त्यांना फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही. २० ते २४ अंश तापमान लागतं आणि सतत हेलकावा लागतो, नाहीतर त्या एकमेकींना चिकटून बसतात. एवढं करून आयुष्य ५ दिवसांचं. पिशवी बाहेर देण्याआधी मी ती ट्यूबलाइटकडे धरते आणि हलकेच दाबते. आतल्या फिकट पिवळ्या द्रवात धुरासारखी वलयं फिरली की समजायचं, पिशवी चांगली आहे. २२ वर्षं हे काम करते आहे, तरी ती वलयं दिसली की अजून बरं वाटतं.

म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं. पावसाळ्यात आमच्या खिडकीतून जाणाऱ्या कितीतरी पिशव्या अशा रुग्णांना चढतात, ज्यांना त्यांचा काही उपयोग नसतो. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी डेंग्यूच्या ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या सगळ्यांच्या प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून खाली होत्या, पण रक्तस्राव म्हणावा असा नव्हता. साधारण निम्म्यांना पिशव्या चढवल्या, बाकीच्यांवर नुसतं बारीक लक्ष ठेवलं. पिशव्या चढवल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट अंगावर गांधी उठण्यासारखे त्रास त्यांनाच जास्त झाले. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खाली आल्याशिवाय प्लेटलेट्सचं नाव काढत नाहीत. तरी फोन येत राहतात, ओळखी काढल्या जातात, रक्तदात्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात.

काळाचौकीचा एक बाप माझ्या कायम लक्षात राहिला आहे. मुलगा १४ वर्षांचा, एका नर्सिंग होममध्ये. प्लेटलेट्स २४ हजार, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, चार पिशव्या आणा. हा माणूस भर पावसात तीन रक्तपेढ्या पालथ्या घालून आमच्याकडे आला होता. मी रिपोर्ट हातात घेतला तेव्हा प्लेटलेट्सच्या आकड्याभोवती पेनाने लाल गोल केलेला होता. त्याच्या दोन ओळी वर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, होता : आदल्या दिवशी ३८, त्या दिवशी ४७. त्याच्याभोवती गोल नव्हता. हिमॅटोक्रिट असा चढतो तेव्हा रक्त घट्ट होत असतं, कारण त्यातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधून बाहेर झिरपत असतं. मी त्याला म्हटलं, "दादा, पिशवी देते, पण आधी डॉक्टरांना फोन करून हा वरचा आकडा वाचून दाखवा." मुलगा वाचला, तो वेळेवर आणि मोजूनमापून दिलेल्या सलाइनमुळे. बापाला मात्र आजही वाटतं की माझ्या पिशव्यांनी वाचवला. दर दिवाळीला फराळ घेऊन येतो.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा या झिरपण्याने, आणि तेही ताप उतरायला लागल्यावर, घरचे सुटकेचा श्वास टाकत असताना. झिरपणं का सुरू होतं, हे गेल्या १०-१२ वर्षांत बरंच उलगडलं आहे. ज्या 'एनएस१' चाचणीचं नाव आता प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे, ते एनएस१ हे विषाणूचंच एक प्रथिन. विषाणूने ताब्यात घेतलेल्या पेशी ते रक्तात सोडतात आणि ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरचा साखरेचा पातळ थर खरवडतं. शिवाय आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायनं आगीत तेल ओततात. प्लेटलेट्स घसरणं हा त्या पडझडीचा एक आवाज आहे. आपण आवाज मोजतो आहोत, भिंत कुणी पाडली ते पाहत नाही.

भिंत पाडणारा आत आला कसा, हा माझ्या लेखाचा विषय. आणि माझं म्हणणं असं की हा प्रश्न डॉक्टर-शास्त्रज्ञांच्या खोलीत ठेवून चालणार नाही, तो आपल्या पैशाचा प्रश्न आहे. महाराष्ट्र सरकारने आणि मुंबईच्या महापालिकेने डेंग्यूसारख्या रक्तस्रावी तापांचे विषाणू आपल्या पेशीत कसे शिरतात याच्या संशोधनावर फवारणीइतक्याच आणि खाटांइतक्याच गांभीर्याने खर्च केला पाहिजे. आणि ते काम परळला झालं पाहिजे.

आधी ते शिरणं काय असतं, ते सांगते.

शाळेत कुलूप-किल्ली शिकवतात : पेशीवरचा रिसेप्टर हे कुलूप, विषाणूवरचं प्रथिन ही किल्ली. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्यासारखीला ही उपमा पटत नाही. चाळीत दिवसभर दार उघडंच असतं. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, शेजारची मुलं येतात. दार लावून घेतलं तर लोक विचारतात, काय झालं म्हणून. पेशीचं तसंच आहे. तिला खायला लागतं, लोह लागतं, चरबी लागते, आजूबाजूचा कचरा उचलावा लागतो. त्या प्रत्येक कामासाठी तिच्या पृष्ठभागावर माणसं उभी केल्यासारखी प्रथिनं उभी असतात आणि ओळखीचा माल आला की आत ओढून घेतात. रक्तस्रावी तापांचे विषाणू नेमकी हीच कामाची दारं हेरतात.

तुमच्या लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर 'एलडीएल' असतं ना? ते कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून पेशीत नेणारा रिसेप्टर शोधून त्याचं काम उलगडल्याबद्दल ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. २०२४ मध्ये कळलं की क्रिमियन-काँगो तापाचा विषाणूही त्याच रिसेप्टरला धरून आत शिरतो. दक्षिण अमेरिकेतले जुनिन आणि माचुपो विषाणू लोह आत घेणारा रिसेप्टर वापरतात, हे २००७ मध्ये सापडलं. इबोला तर मेलेल्या पेशीचं सोंग घेतो. पेशी मरते तेव्हा तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूला येतो. ती खूण दिसली की सफाई करणाऱ्या पेशी तो अवशेष गिळून टाकतात. इबोलाचा विषाणू तीच खूण अंगावर मिरवतो आणि आपलीच सफाई यंत्रणा त्याला उचलून घरात घेते. सिंधुदुर्गातल्या माणसाला सोंग म्हणजे काय ते दशावताराने शिकवलेलं असतं, पण हे सोंग बघून माझ्याही अंगावर काटा आला होता.

आणि एवढ्याने तो आत आला असंही नाही. चाळीचा जिना चढला म्हणजे खोलीत पोचला असं होत नाही. गिळलेला विषाणू पेशीतल्या एका पिशवीत अडकलेला असतो, तिथलं आम्ल वाढत जातं, पचवणारी विकरं त्याच्या अंगावर तुटून पडतात. इबोला या विकरांचाच उपयोग करून घेतो. ती त्याच्या प्रथिनावरची टोपी कापून काढतात, खालचा टोकदार भाग उघडा पडतो, आणि तो भाग त्या पिशवीच्याच भिंतीत बसलेल्या 'एनपीसी१' नावाच्या प्रथिनाला जाऊन भिडतो. खरं दार ते. पश्चिम आफ्रिकेतला लासा विषाणूही असाच दोन दारांचा प्रवास करतो : बाहेर एक रिसेप्टर, आत आम्ल वाढल्यावर तो सोडून दुसरा.

एनपीसी१ सापडलं २०११ मध्ये, आणि ते कसं सापडलं यात माझ्या सगळ्या मागणीचं मूळ आहे. निमन-पिक सी नावाचा लहान मुलांचा एक दुर्मीळ, क्रूर आजार आहे. त्यात कोलेस्टेरॉल पेशीतल्या पिशव्यांमध्येच साचून राहतं आणि मेंदू हळूहळू विझत जातो. त्या आजारामागचं जनुक १९९७ मध्येच ओळखलं गेलं होतं. इबोलाशी त्याचा काडीचा संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग थाइन ब्रूमेलकाम्प, कार्तिक चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशींमधली जनुकं एकेक करून मोडली, त्या लाखो पेशींवर विषाणू सोडला आणि कोण जगतं ते पाहिलं. जगलेल्या पेशींत तेच जनुक पुन्हा पुन्हा मोडलेलं निघालं. निमन-पिकच्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन पाहिलं, तर त्यांतही इबोला शिरेना.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी. त्या पेशींवर सोडलेला विषाणू इबोला नव्हताच. गुराढोरांना होणाऱ्या एका विषाणूच्या अंगावर त्यांनी इबोलाचं फक्त वरचं प्रथिन चढवलं होतं. दार शोधायला अंगरखा पुरतो, आतला खुनी लागत नाही. दाराचं संशोधन असं सुरक्षितपणे, साध्या प्रयोगशाळेत सुरू करता येतं. हीच युक्ती, गुरांच्या विषाणूला इबोलाचा अंगरखा, कॅनडाच्या विनिपेगमधल्या सरकारी प्रयोगशाळेने लस बनवायला वापरली होती. २०१५ मध्ये गिनीत तिची चाचणी झाली, २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. सरकारी प्रयोगशाळा हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत.

आता दाराचं ज्ञान नसलं तर काय होतं, तेही पाहा. त्यासाठी पुन्हा डेंग्यूकडेच यावं लागेल.

डेंग्यूचा विषाणू मिलिमीटरच्या २० हजाराव्या भागाएवढा. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या १८० प्रती, जोड्याजोड्यांनी, चटईच्या विणीसारख्या आडव्या पडलेल्या असतात. पेशीतल्या पिशवीत आम्ल वाढलं की जोड्या सुटतात, तिघातिघांचे गट होऊन उभे राहतात आणि टोक भिंतीत रुततं. हा शेवटचा भाग शास्त्रज्ञांना बारकाईने माहीत आहे. सुरुवातीचा नाही. डेंग्यू कुठल्या रिसेप्टरला धरतो याचं एकच एक उत्तर आजवर सापडलेलं नाही. त्वचेतल्या पहारेकरी पेशींवरचा डीसी-साइन नावाचा रिसेप्टर सापडला, पेशीवरच्या साखरेच्या साखळ्या सापडल्या, इबोलासारखं मेलेल्या पेशीचं सोंग इथेही सापडलं. बरीच दारं आहेत आणि कुठलंही एक बंद केलं तरी तो दुसऱ्याने येतो.

आणि त्यातलं एक दार आपणच उघडून देतो. बँकॉकच्या रुग्णालयांत १९६० च्या दशकात स्कॉट हॉलस्टेड यांच्या लक्षात आलं की डेंग्यू दुसऱ्यांदा झालेली मुलं जास्त गंभीर होतात. डेंग्यूचे चार प्रकार. पहिल्या वेळी एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. चिकटलेल्या प्रतिपिंडाची शेपटी धरून आत ओढून घेणारा रिसेप्टर आपल्या पांढऱ्या पेशींवर असतोच, तो त्यांचा रोजचा धंदा. झालं, विषाणूला आयता हात मिळाला. ज्याने अडवायचं, त्यानेच बखोट धरून आत आणून सोडलं.

फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ८ लाखांहून अधिक मुलांना डेंग्व्हॅक्सिया ही लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, अशांना लस घेतल्यावर पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. लस त्या मुलांच्या शरीराला पहिल्या डेंग्यूसारखीच वाटली आणि खराखुरा डेंग्यू दुसऱ्यासारखा आला. मोहीम थांबली, आणि त्या देशात सगळ्याच लसींवरचा विश्वास डळमळला. हा धोका आधी कुणी सांगितलाच नव्हता असं नाही, हॉलस्टेड सांगत होते. पण घाईत ऐकायला कुणी थांबलं नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये देशी बनावटीच्या डेंग्यू लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी १० हजारांहून अधिक लोकांवर सुरू झाली. ती यशस्वी व्हावी असं मनापासून वाटतं. पण कुणाला द्यायची, कुणाच्या रक्तात आधी काय आहे हे तपासून द्यायची की न तपासता, असे प्रश्न उद्या आपल्याच वॉर्डातल्या दवाखान्यात उभे राहतील, आणि त्यांची उत्तरं या दारांच्या ज्ञानातूनच द्यावी लागतील.

डेंग्यूकडे निदान जगाचं लक्ष आहे. माझं मन जास्त अडकतं ते माझ्या गावच्या तापात.

बांद्याजवळ आमचं गाव. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडं मरून पडायला लागली, माणसांना कडकडून ताप यायला लागला, मग पुढच्या वर्षी बांदा परिसर. माकडताप. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखलेला हा आजार गोचिडीतून येतो, आणि गोचिडींचा हंगाम म्हणजे आमचा काजूचा हंगाम. बागेत वाकून बिया वेचायच्या, पालापाचोळ्यात हात घालायचा, संध्याकाळी घरी येऊन अंग झाडायचं. माझी काकी ताप येऊन १२ दिवस पडून होती. हिरड्यांतून रक्त. ती बरी झाली. वाडीतला एक जण नाही झाला. त्या मे महिन्यात मी घरी गेले तेव्हा पडवीत बसून तिने मला विचारलं, "तुमच्या मुंबयत इतके मोठे डाक्टर आसत, त्यांका ह्या तापार औषध गावूक नाय?"

मी गप्प बसले. काय सांगणार होते? जुनी लस होती, मारलेल्या विषाणूची. दोन डोस, वर पुन्हा पुन्हा बूस्टर, तरी लोक आजारी पडतच राहिले आणि शेवटी कर्नाटकाला ती थांबवावी लागली. नव्या लसीच्या मागे भारतीय वैद्यक संशोधन परिषद (आयसीएमआर) आहे. पण हा विषाणू माणसाच्या कुठल्या पेशीच्या कुठल्या दाराने शिरतो, माकडं पटापट मरतात आणि त्याच गोचिडी अंगावर बाळगणारी गुरं मात्र धडधाकट कशी राहतात, हे प्रश्न धरून वर्षानुवर्षं बसलेले लोक आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके. इबोलाचं दार जगाने शोधलं कारण इबोला विमानाने न्यूयॉर्कला पोचेल ही भीती होती. काजू वेचणाऱ्या बाईच्या तापाची भीती न्यूयॉर्कला नाही. ती मुंबईलाच वाटायला हवी. या शहराच्या गिरण्या कोकणाच्या माणसांनी चालवल्या, आजही गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात निम्मं लालबाग-परळ तिकडेच असतं.

असं आपलं आपण करून दाखवणारा एक देश आहे. अर्जेंटिनाच्या सपाट प्रदेशात मक्याची कापणी करणाऱ्या मजुरांना एक रक्तस्रावी ताप व्हायचा. त्याचा जुनिन विषाणू १९५८ मध्ये सापडला, म्हणजे आपल्या माकडतापानंतर अवघ्या एका वर्षाने. गरीब शेतमजुरांचा, एका प्रदेशापुरता आजार; कुठल्याही मोठ्या कंपनीला त्यात नफा दिसला नाही. अर्जेंटिनाने अमेरिकेची मदत घेऊन लस तयार केली, १९८८ ते १९९० मध्ये ६,५०० शेतमजुरांवर चाचणी केली, संरक्षण ९५ टक्के निघालं. पुढे परदेशातला पुरवठा बेभरवशाचा झाला, तेव्हा पेर्गामिनो गावातल्या सरकारी संस्थेने ती लस स्वतः बनवायला घेतली, आणि २००६ पासून ती तिथली स्वतःची आहे. एक वर्ष पुढेमागे सापडलेले दोन आजार. त्यांच्या मजुराच्या दंडाला लस टोचलेली आहे आणि माझी काकी अजून विचारते आहे.

कुणी म्हणेल, जुनिनचं दार तर २००७ मध्ये सापडलं, लस त्याआधीच तयार होती. मग दाराची एवढी मिजास कशाला? रास्त प्रश्न आहे. ती लस जिवंत विषाणू मवाळ करत करत हाती आली, आणि तिथे डाव साधला. माकडतापाच्या लसीत नाही साधला. का नाही साधला, हे सांगायला विषाणूचा अंगरखा आणि पेशीचं दार दोन्ही समजावी लागतात. जुनिनची लस मवाळ का झाली याचं कोडंही नंतर सुटलं ते विषाणूला आत शिरवणाऱ्या प्रथिनातल्या एका लहानशा बदलापाशीच. अंधारात मारलेला दगड एकदा लागतो. दर वेळी लागेल म्हणून बसता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी रोज माझ्याच मनाशी करते. पालिकेच्या दवाखान्यात खाटा अपुऱ्या, रात्रपाळीला एकेक परिचारिका तीस-तीस रुग्ण सांभाळते, आणि मी प्रयोगशाळा मागते. पण हाच हिशेब उलट करून बघा. दर पावसाळ्यात मुंबईतली कुटुंबं निरुपयोगी पिशव्यांवर, पुन्हा पुन्हा केलेल्या तपासण्यांवर, पपईच्या पानांच्या गोळ्यांवर किती पैसे घालवतात? कुणी मोजत नाही, कारण ते सरकारी तिजोरीतून जात नाहीत. ते काळाचौकीच्या त्या बापाच्या पीएफमधून जातात. अज्ञानाचा खर्च आपण करतोच आहोत, फक्त सुटासुटा, घाबरत आणि एकेकटे.

तिसरा आक्षेप : पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्था आहे की. आहे, आणि तिचा अभिमान आहे. १९५२ पासूनची ती संस्था, माकडतापाचा विषाणू ओळखला तिनेच, सर्वोच्च सुरक्षेची देशातली पहिली प्रयोगशाळा तिच्याकडेच. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या कोलट गावातली एक स्त्री दगावली, पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका गेले, तेव्हा हा काँगो ताप आहे हे पुण्यानेच सांगितलं. पण देशात कुठेही साथ आली की नमुने तिथेच जातात. आग विझवणाऱ्यालाच घराचा नकाशा काढत बसायला सांगणं बरोबर नाही. दाराचा शोध हे सावकाशीचं काम आहे, त्याला वेगळे हात लागतात.

ते हात परळला आहेत. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उतरला, आणि १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्लेग प्रयोगशाळा आली, ती आजची हाफकिन संस्था. पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरचं औषध याच आवारातून देशभर गेलं. राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मुंबई केंद्रही तिथेच आहे. केईएम आणि टाटा हाकेच्या अंतरावर, साथीच्या रोगांचं कस्तुरबा रुग्णालय टॅक्सीने थोड्याच अंतरावर, पवईला आयआयटी, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर). भर वस्तीत विषाणूंची प्रयोगशाळा कशी, असं लालबागचे लोक विचारतील आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. उत्तर वर देऊन झालं आहे : दाराच्या कामाला जिवंत माकडताप परळला आणावा लागत नाही, नुसता अंगरखा चढवलेला, शरीरात वाढूच न शकणारा विषाणू पुरतो. जे जिवंत विषाणूवर करायचं, ते पुण्याच्या सुरक्षेत करावं.

मग मागणी काय? एका वर्षाचं अनुदान नको. ते मार्चमध्ये येतं आणि खर्ची घालायच्या घाईत यंत्रं विकत घेतली जातात. मी अशी यंत्रं पाहिली आहेत, प्लास्टिकसुद्धा न काढलेली. दहा वर्षांची हमी द्या. कायम पदं भरा, म्हणजे पीएचडी झालेली मुलगी सहा महिन्यांच्या कंत्राटावर कंटाळून औषध कंपनीत विक्रीला जाणार नाही. डेंग्यू, माकडताप आणि काँगो, हे तीन आमचे म्हणून घ्या. आणि पहिलं काम, ज्याला यंत्रंही फार लागत नाहीत, ते बरे झालेल्या माणसांपासून सुरू करा.

काँगो देशातल्या किकविट शहरात १९९५ मध्ये इबोलाची साथ आली होती. त्यातून वाचलेल्या एका माणसाचं रक्त ११ वर्षांनी घेतलं गेलं, आणि त्याच्या पांढऱ्या पेशींत त्या विषाणूची आठवण शाबूत निघाली. त्यातून मिळालेलं एक प्रतिपिंड नेमकं एनपीसी१ला भिडणाऱ्या टोकावर बसतं, दाराला हात लागण्याआधी. २०१८-१९ च्या साथीत काँगोच्या झाँ-झाक मुयेम्बे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधांची तुलना केली, तेव्हा जी दोन पुढे निघाली त्यांतलं एक हे होतं. डिसेंबर २०२० मध्ये ते मान्य झालं. दार बंद करता येत नाही, कारण पेशीला ते लागतं. पण किल्लीचं टोक झाकता येतं, आणि ते झाकायचं कसं हे वाचलेल्या माणसाच्या रक्ताने आधीच शोधून ठेवलेलं असतं.

दोडामार्गच्या साथीला २०२७ मध्ये ११ वर्षं होतील. माझी काकी, तिच्या वाडीतल्या दोघी जणी, केर-मोर्ल्याकडचे, बांद्याकडचे कितीतरी बरे झालेले लोक आजही काजूच्या बागेत आहेत. त्यांना नीट समजावून, त्यांची संमती घेऊन, रक्ताची एकेक नळी घ्यायची आहे. ते काम मला येतं, माझ्यासारख्या शंभर जणींना येतं. दादरहून तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्री सुटते आणि दुपारच्या सुमारास सावंतवाडी रोडला पोचते.